सव्वा लिटर जास्त, सव्वा लिटर कमी

"पाऊण तास! त्याहून एक मिनिट जास्त लागलं तर माझं नाव बदला!"

शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शिक्केसाहेबांनी ही घोषणा केली, तेव्हा घरातून कुणी हो म्हणालं नाही आणि कुणी नाहीही म्हणालं नाही. लेकीने फोनमधून मान वर काढली नाही. सिस्टर पाण्याचा जग भरायला उठल्या. जग भरलेलाच होता.

शिक्केसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी बावीस वर्षं काढली, दुकानादुकानांतल्या मापांवर शिक्के मारले, म्हणून गल्लीने ते नाव ठेवलं. पत्नी इस्पितळात नर्स, म्हणून त्या सगळ्यांच्या सिस्टर. साहेबांचा विश्वास फक्त मोजण्यावर. लेक लहान होती तेव्हा खोकल्याचं औषध चमच्याने द्यायला त्यांचा सक्त विरोध असे. ते काचेच्या नळीत थेंब थेंब मोजून औषध तयार करायचे, आणि तोवर पोरगी खोकून खोकून झोपी गेलेली असायची.

तर घोषणा होती गाडीचं ऑइल घरच्या घरी बदलण्याची. घोषणा नवी नव्हती. गल्लीच्या टोकाला 'दहा मिनिटांत ऑइल बदल' अशी पाटी लावून एक दुकान उघडलं त्याला सहा वर्षं झाली, आणि घोषणाही तेवढीच जुनी. ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हाच साहेबांचं डोकं फिरलं होतं.

"दहा मिनिटांत? अगं, तेल पूर्ण गळायलाच वीस मिनिटं लागतात! जुनं अर्धं आत ठेवून वर नवं ओतत असणार. आणि किती ओततात, कुणी मोजलंय? आपली गाडी तिथे जाणार नाही. येत्या रविवारी मीच बदलतो."

मग रविवार येत गेले. कधी पाठ धरली, कधी पाहुणे आले, कधी नुसताच रविवार आला. आठवडाभर गाडी सिस्टर दवाखान्यात न्यायच्या, रविवारी ती साहेबांच्या ताब्यात यायची आणि अंगणात उभी राहायची. गंमत म्हणजे गाडी कधी कुरकुरली नाही. त्यावरून साहेबांनी एक सिद्धांतच काढला होता की चालवणारा हात चांगला असला की तेल टिकतं! हा सिद्धांत त्यांनी ऑफिसात तिघांना ऐकवला होता. तिघांपैकी एकाने तो मनावर घेतला, आणि त्याची गाडी भर रस्त्यात बंद पडली.

ह्या रविवारी मात्र खरंच करायचं होतं, कारण लेक घर सोडून निघाली होती. पुढच्या शिक्षणासाठी, पाच तासांच्या अंतरावर, हॉस्टेलवर. हॉस्टेलचं फाटक संध्याकाळी आठला बंद. मैत्रिणींनी अडीचच्या बसमध्ये तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, आणि तिलाही बसनेच जायचं होतं. पण साहेब अडून बसले होते. मी सोडणार, माझ्या गाडीने सोडणार.

खरं सांगायचं तर साहेबांना गाडीचं काही नव्हतं. त्यांना ते पाच तास हवे होते. गेल्या तीन वर्षांत बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवलीस?", "हो", "दार लाव", "लावलं". लेक तिच्या खोलीत, साहेब त्यांच्या फायलीत. गाडीत कसं, उठून जायला जागा नसते! साहेबांनी बोलायचे सात मुद्दे कागदावर लिहून काढले होते. घडी करून कागद खिशात ठेवला होता, आणि दिवसातून तीनदा तो चाचपून बघत होते.

"पाच तासांचा पल्ला आहे आणि सहा वर्षांचं जळकं तेल!" साहेब म्हणाले. "पोरीला घेऊन मध्येच अडकलो तर?"

"अहो, राहू दे ना. चांगली चाललीये गाडी," सिस्टर म्हणाल्या.

"चालेल गं. पण काहीतरी आपल्या हाताने नको का करायला?"

सिस्टरनी पुन्हा जग उचलला.

रविवारी सकाळी सात वाजता साहेब अंगणात उतरले. अंगात ऑफिसचा जुना शर्ट, खिशात सात मुद्दे. हाताशी पाना, जॅक, लाकडी ठोकळे, कपड्यांचा जुना टब, नरसाळं, रबरी नळी, नव्या तेलाचा कॅन, नवा फिल्टर आणि गाडीबरोबर आलेलं पुस्तक. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध, पुसून लख्ख केलेलं, खात्याचा शिक्का मारलेलं लिटरचं माप!

इंजिन थोडं गरम केलं. गाडी जॅकवर चढवली, ठोकळे लावले. साहेब पाठीवर सरपटत गाडीखाली शिरले. शिरताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वरच्या मजल्यावरचे काका चहाचा कप घेऊन गॅलरीत आले आणि खुर्ची ओढून बसले.

पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. इंजिनचं तेल साडेतीन लिटर, गिअरबॉक्सचं सव्वादोन लिटर. इंजिनचा बोल्ट खाली, मध्यभागी. चित्रात मध्यभाग एकच होता, गाडीखाली पाहावं तिकडे मध्यभागच! बोल्टही दोन दिसत होते, हातभर अंतरावर. साहेबांनी जवळचा धरला, पाना लावला, जोर केला. बोल्ट चटकन सैल झाला. इतका चटकन, की साहेबांना स्वतःच्या मनगटाचं कौतुक वाटलं.

तेल टबात पडू लागलं आणि साहेब बघतच राहिले. मधासारखं पिवळं, आरपार दिसणारं तेल! टबाच्या तळावर छापलेली फुलं दिसत होती.

वीस मिनिटं पूर्ण गळू देऊन साहेबांनी बोल्ट बसवला. बाहेर येऊन तेल मोजलं. साडेतीन लिटर बरोबर. पण साहेबांचं लक्ष आकड्याकडे नव्हतं, रंगाकडे होतं. सहा वर्षं जळलेलं तेल असं असतं? शक्यच नाही!

तेवढ्यात सिस्टर चहा घेऊन आल्या.

"बघ हे! किती स्वच्छ! इंजिनचं तेल असं असतं का कधी?"

सिस्टरनी मापात वाकून पाहिलं. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"मला काय कळतं त्यातलं," त्या म्हणाल्या. "छान दिसतंय पण." आणि कप ठेवून आत गेल्या. आत जाण्याआधी त्या उंबऱ्यावर जरा जास्तच वेळ थांबल्या होत्या, हे साहेबांना फार नंतर आठवलं.

साहेबांनी चहा पीत विचार केला, आणि तिथेच घात झाला. नुसता चहा प्याले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

विचार असा झाला. इंजिनचं तेल काळं असायला हवं. हे पिवळं आहे. म्हणजे हे इंजिनचं नव्हे. गाडीखाली दुसरं तेल कोणतं? गिअरचं. गिअरच्या तेलाला धूर नाही, जाळ नाही, ते स्वच्छच राहणार. म्हणजे आपण चुकून गिअरचा बोल्ट उघडला! इंजिनचा तो दुसरा! सगळं कसं जुळलं. साहेबांनी पिवळं तेल एका डब्यात ओतलं, त्यावर चिठ्ठी डकवली, 'गिअर – स्वच्छ – परत भरणे', खाली सही केली आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

दुसरा बोल्ट काही केल्या हलेना. गाडी घेतल्यापासून नऊ वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. साहेबांनी पाना लावला, पान्यावर पाय लावला, शेवटी पान्याच्या टोकावर जवळजवळ उभेच राहिले. कर्रर्र करून बोल्ट निघाला आणि काळंकुट्ट, घाण वासाचं तेल धो धो करत निम्मं टबात आलं, निम्मं साहेबांवर.

"सापडलं!" गाडीखालून आनंदाची आरोळी आली. "हे बघ, हे! ह्याला म्हणतात इंजिनचं तेल!"

"साहेब," वरून काकांनी विचारलं, "तेल बदलताय की अंघोळ करताय?"

साहेबांनी उत्तर दिलं नाही. त्यांचं तोंड बंद ठेवणं त्या क्षणी गरजेचं होतं.

बोल्ट परत बसवताना जरा तिरका गेला. साहेबांनी जोर लावून त्याला सरळ केल्यासारखं केलं. मग काळं तेल मोजलं, अंगावरचं अंदाजाने धरून. सव्वादोन लिटर! पुस्तकाप्रमाणे हवं साडेतीन. म्हणजे सव्वा लिटर कमी! इंजिनने सव्वा लिटर तेल खाल्लं? साहेबांनी इंजिनवरचं झाकण उघडून नवं तेल मोजून साडेतीन लिटर ओतलं. मग गिअरबॉक्सच्या बाजूचं बूच शोधून काढलं, त्यात रबरी नळी घातली, वर नरसाळं लावलं आणि ते 'स्वच्छ' तेल परत भरायला घेतलं. एक लिटर गेलं. दोन गेलं. सव्वादोनला ते बुचाच्या भोकातून भळाभळा बाहेर येऊ लागलं!

साहेबांनी नळी उपसली, बूच लावलं आणि जमिनीवरच बसले. डब्यात अजून सव्वा लिटर शिल्लक होतं. जेवढं निघालं तेवढं परत मावत नव्हतं! बावीस वर्षांत असं माप त्यांनी पाहिलं नव्हतं.

नऊ वाजत आले होते. पाऊण तासाचे दोन तास झाले होते. लेक बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा बाप अंगणात मांडी घालून बसला होता, कोपरापर्यंत काळा, कपाळावर पिवळा, आणि भिंतीवर खडूने आकडे मांडत होता.

"बाबा, काय झालं?"

"इंजिनमध्ये सव्वा लिटर कमी," साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले, "आणि गिअरमध्ये सव्वा लिटर जास्त. इंजिन तेल खातंय आणि गिअरबॉक्स तेल काढतोय. मला काही समजत नाही गं."

लेकीने भिंतीकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, हे आकडे उलटे लिहिलेत का?"

"म्हणजे?"

"इंजिनचं साडेतीन, गिअरचं सव्वादोन, असं पुस्तक म्हणतंय. तुमचं पिवळं साडेतीन निघालं आणि काळं सव्वादोन. पिवळं इंजिनचं धरलं तर सगळं बरोबर येतंय."

वरच्या गॅलरीत काकांनी कप खाली ठेवला.

"पण ते इंजिनचं असतं तर काळं नसतं का झालं?" साहेब जवळजवळ ओरडलेच. "सहा वर्षांचं तेल पिवळं कसं असेल?"

"कारण ते परवाचं आहे."

हे सिस्टर म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, हातात फडकं घेऊन. पेशंटच्या नातेवाईकांशी बोलताना काढतात तो आवाज त्यांनी काढला होता.

"शुक्रवारी दवाखान्यातून येताना बदलून आणलं मी. म्हटलं, पोरीला घेऊन लांब जायचंय."

"कुठे बदललं?"

सिस्टरनी न बोलता गल्लीच्या टोकाकडे बोट केलं.

"दहा मिनिटांत?"

"बारा लागली."

साहेबांनी डोळे मिटले. मिटलेले डोळे तेवढे स्वच्छ दिसत होते.

"मग सकाळी का नाही बोललीस? मी ते माप तुझ्या नाकासमोर धरलं होतं!"

"तुम्ही किती खूश होता! सहा वर्षांत पहिल्यांदा खरंच गाडीखाली शिरलात. म्हटलं, नवं काढून नवं घालतील, त्यात काय बिघडतंय? मला काय माहीत, तुम्ही त्यावर विचार कराल!"

आता हिशेब सरळ झाला. इंजिनमध्ये नवं तेल होतं, ते ठीक. पण गिअरबॉक्सचं तेल टबात पडलं होतं, आणि गिअरबॉक्सच्या पोटात इंजिनचं तेल होतं. ह्या अवस्थेत पाच तास काय, पन्नास मिनिटंही जाण्यात अर्थ नव्हता. गिअरचं तेल घरात नव्हतं, आणि गाडी ठोकळ्यांवरून उतरवली तेव्हा तो तिरका बोल्टही ठिबकू लागला. मिनिटाला चाळीस थेंब. साहेबांनी मोजले.

"बाबा," लेक म्हणाली, "कोपऱ्यावर जाऊ या."

"नाही."

"बाबा, अडीचला बस आहे."

हा शब्द ऐकल्यावर साहेब उठले. सातही मुद्दे बसमध्ये बसून निघून जाताना त्यांना दिसले. त्यांनी गाडी सुरू केली, लेक शेजारी बसली, आणि ज्या दुकानासमोरून सहा वर्षं मान वळवून गेले तिथे साहेब पहिल्या गिअरमध्ये हळूहळू निघाले. मागे अंगणापासून दुकानापर्यंत तेलाची एक बारीक रेघ उमटत गेली. साहेबांच्या घरातून ती गाडी कुठे गेली हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळण्याची सोय झाली.

दुकानातले मिस्त्री चष्मा दोरीने गळ्यात अडकवून उभे होते. गाडी पाहताच त्यांचा चेहरा खुलला.

"अरे! रविवारवाल्या साहेबांची गाडी! सिस्टर नाही आल्या आज?"

"कोण रविवारवाले साहेब?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कोपरापर्यंत काळे हात पाहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्हीच ते! या, या! सहा वर्षं भेटायचं होतं. सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, आमचे साहेब रविवारी स्वतः करणार आहेत, पण तोवर तुम्ही करून टाका. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी येतात. परवाचं धरून बारा वेळा झालं. आम्ही काचेवर पुढच्या तारखेचा स्टिकर लावतो ना, तो त्या वळणावर गाडी थांबवून नखाने काढतात. मला इथून दिसतं."

साहेबांनी सावकाश लेकीकडे मान वळवली.

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षापासून," लेक बुटांकडे बघत म्हणाली. "आई मला बरोबर आणायची. समोर आइसक्रीम मिळतं."

पाऊण तासाहून जास्त लागलं तर नाव बदला, असं साहेब म्हणाले होते. नाव सहा वर्षांपूर्वीच बदलून झालं होतं! आणि तो सिद्धांत, चांगला हात वगैरे, तोही साहेबांनी तिथल्या तिथे मनातून पुसून टाकला. ऑफिसातल्या त्या गाडी बंद पडलेल्या माणसाची आठवण येऊन त्यांना जरा कसंसंच झालं.

मिस्त्रींनी गाडीखाली बघितलं आणि बाहेर येऊन मान हलवली. "तेलाचं काही नाही, पाच मिनिटांत भरतो. पण बोल्टाचे आटे गेलेत. तिरका घुसवलाय कुणीतरी."

कुणीतरी गप्प राहिलं.

"हा बोल्ट मला आणावा लागेल. रविवारी एकच दुकान उघडं असतं, शहराच्या त्या टोकाला. बसा बाकावर. मी आलोच."

मिस्त्री स्कूटरवर बसून गेले. बाक लोखंडी होता, एक पाय आखूड. एका टोकाला साहेब बसले, दुसऱ्या टोकाला लेक. साहेबांनी खिशात हात घातला आणि सात मुद्द्यांचा कागद बाहेर काढला. कागद तेलाने भिजून आरपार झाला होता. शाई पसरून सगळं निळं झालं होतं. फक्त चौथा मुद्दा निम्मा वाचता येत होता.

लेकीने वाकून वाचलं. "'भांडण झालं तर'. भांडण झालं तर काय, बाबा?"

"पुढचं तेलात गेलं."

लेक हसायला लागली. आधी बाकाच्या त्या टोकाला हसत होती, मग हसता हसता जवळ सरकली, कारण आखूड पायामुळे बाक सारखा कलत होता. "हे मला सांगायचं होतं तुम्हाला? गाडीत?"

"सात मुद्दे होते."

"मग आता सांगा."

"आता काय सांगू?" साहेबांचा आवाज एकदम पडला. "तू चाललीस. तुझ्या आईने तुझे कपडे शिवले, बॅग भरली, औषधांची पेटी केली. मी काय केलं? म्हटलं, जाताना एक तरी गोष्ट माझ्या हातची असावी. तीही तुझ्या आईने शुक्रवारीच करून ठेवली होती."

लेकीने पिशवीतून रुमाल काढला, पाण्याने ओला केला आणि बापाच्या कपाळावरचं पिवळं तेल पुसायला लागली. ते पुसलं जाईना, नुसतं पसरत गेलं.

तेवढ्यात एक गाडी आत येऊन थांबली. चालवणाऱ्या गृहस्थांनी काच खाली केली, साहेबांचे हात पाहिले आणि विचारलं, "मिस्त्री, दहा मिनिटांत होईल ना?"

साहेबांच्या अंगात बावीस वर्षांची नोकरी जागी झाली. "तेल पूर्ण गळायलाच वीस मिनिटं लागतात!" ते गरजले. गृहस्थ घाबरून गाडी मागे घेऊन निघून गेले. लेक हसून हसून बाकावरून खाली बसली.

मिस्त्री अकराला परतले. आणलेला बोल्ट एका सुताने मोठा निघाला. ते पुन्हा गेले. साहेबांनी ह्या वेळी त्यांच्याबरोबर जुना बोल्ट कागदात गुंडाळून, वर मापं लिहून, सही करून दिला. बारा वाजता सिस्टर डबा घेऊन आल्या. नवऱ्याच्या नजरेला नजर न देता त्यांनी डबा ठेवला.

"बारा वेळा?" साहेबांनी विचारलं.

"रागावलात?"

साहेबांनी विचार केला. आज सकाळपासून पहिलाच बरोबर विचार. "नाही. दमलो." सिस्टर मग त्यांच्या शेजारी बसल्या, आणि तिघांनी त्या कलत्या बाकावर एका डब्यात जेवण केलं. सिस्टर राहिलेलं आवरायला घरी गेल्या, आणि बापलेक पुन्हा बोलत बसली. कागद नव्हता, त्यामुळे मुद्देही नव्हते. लेकीने सांगितलं की तिला भीती वाटते. नव्या खोलीची, अनोळखी मुलींची, आणि सगळ्यांना वाटतं तितकी आपण हुशार नाही ह्याची. साहेबांनी सांगितलं की पहिल्यांदा नोकरीवर गेले तेव्हा एका दुकानदाराचं बरोबर असलेलं माप त्यांनी घाबरून चुकीचं ठरवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली होती. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती, सिस्टरनाही नाही.

एक वाजता लेकीचा फोन वाजला. मैत्रीण विचारत होती, बसची जागा ठेवू की सोडू? मिस्त्रींचा पत्ता नव्हता. गाडी जॅकवर लटकत होती. साहेब दुसरीकडे बघू लागले, म्हणजे तिला हवं ते बोलता यावं.

"सोड," लेक म्हणाली. "मी बाबांबरोबर येतेय."

साहेब तरीही दुसरीकडेच बघत राहिले. आता वळलं तर पंचाईत होती.

मिस्त्री आले, बोल्ट बसला, गिअरचं तेल भरून झालं, तेव्हा सव्वादोन वाजले होते. मिस्त्रींनी हात पुसले. "एक मात्र बरं केलंत, साहेब. गिअरचं तेल नऊ वर्षांत कुणी बदललंच नव्हतं. मीसुद्धा कधी बघितलं नाही. काढलंत ते चांगलंच झालं!"

हे ऐकून साहेबांची पाठ जरा ताठ झाली. मिस्त्रींनी काचेवर नवा स्टिकर चिकटवला. सिस्टर बॅगा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सवयीने स्टिकरकडे नख नेलं.

"राहू दे," साहेब म्हणाले.

सिस्टरनी लेकीला पोटाशी धरलं, बराच वेळ सोडलं नाही, आणि अडीचला गाडी निघाली. साहेब हात स्टिअरिंगवर ठेवून सरसावून बसले. पाच तास! आता खरी सुरुवात! त्यांनी घसा साफ केला. "तर मी काय म्हणत होतो..."

पहिल्या वळणावर लेकीची मान कलली. दुसऱ्या वळणावर ती गाढ झोपली.

पाच तास साहेबांनी गाडी इतकी सांभाळून चालवली की मागून येणारे सगळे हॉर्न मारून पुढे गेले. रेडिओ लावला नाही. शिंक आली ती दाबली. कंबर मोडून आली होती, कपाळ अजून चिकट होतं. पण गिअर मात्र असा अलगद पडत होता की दर वेळी साहेब लेकीकडे बघत, तिला कळलं का म्हणून.

पावणेआठला हॉस्टेलचं फाटक आलं. लेक दचकून उठली. "मी झोपले होते का?"

"छे! जरा डोळा लागला होता."

"किती वेळ?"

"पाच तास."

तिने तोंडावर हात ठेवला. मग तिची नजर काचेवरच्या स्टिकरवर गेली आणि ती मोठ्याने वाचू लागली. मिस्त्रींनी सहा महिन्यांनंतरची तारीख घातली होती, आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कोणत्याही वारी चालेल, रविवार सोडून.'

"बाबा, तेव्हा मी सुट्टीला आलेली असेन," लेक म्हणाली. "आपण दोघं जाऊ."

"ऑइल बदलायला?"

"बाकावर बसायला."

साहेबांनी नुसती मान हलवली. लेकीने बॅगा उचलल्या, दोनदा मागे वळून पाहिलं आणि आत गेली. साहेब फाटकाशी उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायलाच हवं होतं, नाहीतर रडू आलं असतं. शेजारी फाटकावरचा रखवालदार गाडीकडे निरखून बघत होता.

"बरीच जुनी दिसते, साहेब. एवढ्या लांब आणली?"

"नऊ वर्षांची," साहेब छाती पुढे काढून म्हणाले. "पण तब्येत बघा! गिअरचं तेल आज सकाळीच मी स्वतः काढलं. ह्या हातांनी!"

रखवालदाराने ते हात पाहिले. "वा! आणि भरलं कुणी?"

साहेब गाडीत जाऊन बसले आणि गिअर टाकला. गिअर अगदी अलगद पडला.